बंब रामेश्वरी

नव्या फोनचा खोका उघडायच्या आधी सल्ले उघडतात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी आठ तास चार्जिंगला लाव, मगच चालू कर. नाहीतर बॅटरी बसते." त्यावर भाचा म्हणाला, "आजीचं ऐकू नकोस मामी. वीसच्या खाली न्यायचा नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचा नाही. एवढंच पाळ." ऑफिसात माझ्या शेजारी बसणारीने डार्क मोड लावायला सांगितलं, लोकेशन आणि ब्लूटूथ कायम बंद ठेवायला सांगितलं, आणि दर अर्ध्या तासाने उघडी अ‍ॅप बोटाने वर सरकवून मारून टाकायला सांगितली. नवरा काही बोलला नाही. त्याने स्वतःची पॉवर बँक उचलून माझ्या पर्समध्ये ठेवली, त्यावरून त्याचं मत कळलं.

सगळेच आपुलकीने सांगत होते. थोडेथोडे बरोबरही होते. पण ऐकता ऐकता मला जाणवत होतं की या सल्ल्यांमागून आपलं जुनं घर बोलतंय. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. टूथपेस्टची नळी शेवटी कात्रीने कापायची. त्या काटकसरीवर आपण वाढलो आणि तिच्याशी माझं काही भांडण नाही. मात्र खर्च कुठे होतोय हे न बघता काटकसर केली, तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते. फोनच्या बाबतीत मला हा बंब जिकडेतिकडे रामेश्वरीच दिसतो.

विजेचंच बघा. मी चार्जर भिंतीला तसाच सोडला की सासूबाई बटण बंद करतात आणि "मीटर पळतंय" म्हणतात. खोक्यावर लिहिलेलं असतं ५००० मिलीअँपिअर-अवर. त्याला बॅटरीच्या सुमारे ३.८५ व्होल्टने गुणलं की १९ वॉट-तासांच्या आसपास येतं. छताचा जुना पंखा ७५ वॉटचा असतो. म्हणजे फोन शून्यापासून शंभरपर्यंत भरायला जेवढी वीज लागते, तेवढी पंखा पंधरा मिनिटांत खातो. चार्जर गरम होण्यात वाया जाते ती धरली तर वीस मिनिटं म्हणा. वर्षभर रोज पूर्ण चार्ज केला तरी आठ-नऊ युनिट. मुंबईत दर कंपनीप्रमाणे आणि स्लॅबप्रमाणे बदलतात, तरीही शंभर-सव्वाशे रुपयांत वर्ष निघतं. बटण बंद करावं, चांगली सवय आहे. पण लाइट बिल फोनमुळे येत नाही.

मग जपायचं काय? इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सल्ले देणारे त्यांचा काला करतात. एक, सकाळी भरलेला फोन रात्री घरी येईपर्यंत टिकतो का. दुसरी, हीच बॅटरी तीन वर्षांनी आजच्याइतकी वीज धरते का. कधीकधी या दोघींचं आपसात पटत नाही. भाच्याचा ऐंशीचा नियम बॅटरीच्या आयुष्यासाठी चांगला, पण पाच टक्के उरलेले असताना तुम्ही कफ परेडला असाल तर तो नियम पाळल्याचं समाधान घेऊन काय करणार?

कारण मुंबईत फोन संपणं म्हणजे फोन संपणं एवढंच राहिलेलं नाही. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढलं असेल आणि टीसीसमोर स्क्रीन काळी झाली, तर तुम्ही विनातिकीट. भाडं भरा, वर २५० रुपये दंड. मेट्रोत तर आत शिरताना क्यूआर दाखवायचा आणि बाहेर पडतानाही दाखवायचा, त्यामुळे मधेच फोन मेला की फाटकाच्या आतल्या बाजूला उभं राहून कर्मचाऱ्याला आपली कहाणी सांगायची. रिक्षावाल्याला द्यायचे पैसेही त्याच फोनमध्ये. त्यामुळे पर्सच्या आतल्या कप्प्यात मी शंभराच्या दोन नोटा ठेवते. शेवटच्या पाच टक्क्यांच्या चिंतेवर कुठल्याही सेटिंगपेक्षा हा उपाय भारी आहे.

आता आठ तासांचं. सासूबाईंचा सल्ला जुन्या बॅटरीला लागू होता. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या सावकाश चार्ज व्हायच्या, आणि अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरल्या तर तेवढंच धरायला लागायच्या. पहिला चार्ज दणदणीत द्या, मधूनमधून पूर्ण उतरू द्या, हे त्यांना लागू होतं. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हळूहळू सगळे फोन तिच्यावर गेले. तिला ही खोड नाही. उलट पूर्ण भरून नुसती ठेवली तर ती लवकर म्हातारी होते, म्हणून कारखान्यातून फोन अर्धवट भरूनच येतात. खोक्यातून काढा आणि वापरा. बॅटरी बदलली, सल्ला मात्र वाडवडिलांच्या भांड्यांसारखा घरात फिरत राहिला.

नव्या फोनबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती सांगायला हवी. पहिले काही दिवस बॅटरी भराभर उतरते आणि माणूस घाबरतो. पण त्या दिवसांत फोन स्वतःच्याच कामात असतो. जुन्या फोनवरचे सगळे फोटो उतरवून घ्यायचे, त्यातले चेहरे ओळखून लावायचे, पन्नास-साठ अ‍ॅप नव्याने बसवायची, व्हॉट्सअ‍ॅपचं वर्षानुवर्षांचं गाठोडं सोडायचं. शिवाय तुम्ही कुठलं अ‍ॅप कधी वापरता हे बघून अँड्रॉइड बाकीच्यांना झोपवायला शिकतं, त्यालाही वेळ लागतो. आणि आपणही नवी वस्तू हातातून खाली ठेवत नाही, कॅमेरा उघडून खिडकीतल्या कबुतराचे फोटो काढत बसतो. या दिवसांवरून बॅटरीची परीक्षा करायची आणि दुकानात भांडायला जायचं, हे काही खरं नाही. आठ-दहा दिवस थांबावं, मग सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जाऊन बघावं की कोण किती खातं. ते पान वाचायला दोन मिनिटं लागतात. माझ्या ओळखीतल्या, बॅटरीवर तासभर बोलू शकणाऱ्या बहुतेकांनी ते कधी उघडलेलं नाही.

उघडलं असतं तर दिसलं असतं की सगळ्यात जास्त खाते ती स्क्रीन. त्यात आश्चर्य काही नाही. डार्क मोडची गोष्ट मात्र मजेशीर आहे. ओएलईडी स्क्रीनवर काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, म्हणून काळ्या पार्श्वभूमीला वीज कमी लागते. स्वस्त फोनच्या एलसीडीला मागून सारखा दिवा लागलेला असतो, तिथे काळं-पांढरं केल्याने काहीच होत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये हे मोजून पाहिलं. प्रकाश ३० ते ५० टक्क्यांवर असताना डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्के वाचले. प्रकाश पूर्ण असताना ३९ ते ४७ टक्के. म्हणजे संध्याकाळी घरात सोफ्यावर बसून डार्क मोड लावणाऱ्याला त्यातून फारसं मिळत नाही. खरा फायदा भर उन्हात. आणि भर उन्हात, मरोळच्या बसथांब्यावर दुपारी बाराला, काळ्या पार्श्वभूमीवरची करडी अक्षरं कोणाला दिसतात? तिथे आपण डार्क मोड काढतो आणि हाताने सावली करतो. माझ्या डोळ्यांना तो रात्री बरा वाटतो म्हणून मी लावते, बॅटरीचं पुण्य म्हणून नव्हे.

त्याऐवजी स्क्रीन तीस सेकंदांत बंद होऊ द्यावी, प्रकाश आपोआप कमी-जास्त होऊ द्यावा. स्क्रीन सेकंदाला १२० वेळा ताजी होते तिथे ६० वर आणली तर माझ्यासारखीला फरक दिसतही नाही. भाच्याला दिसतो म्हणे. असेल.

पण माझ्या मते मुंबईतल्या बॅटरीचा खरा चोर वेगळाच आहे. तो म्हणजे रेंज.

फोन टॉवरशी सतत बोलत असतो, आपण बोलत नसलो तरी. टॉवर जवळ असेल तर तो पुटपुटतो. लांब असेल, मधे भिंती आणि लोखंड असेल, तर चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारावी तसं त्याला ओरडावं लागतं. फोरजी फोनला जास्तीत जास्त २०० मिलीवॉट ताकदीने लहरी सोडायची मुभा असते. टॉवर जवळ असेल तर त्याच्या हजाराव्या हिश्शातही भागतं. कुठला जोर लावायचा ते टॉवर ठरवतो, आपल्याला त्यातलं काही दिसत नाही. आपल्याला दिसतं ते एवढंच की घरी दिवसभर पडलेल्या फोनचे दहा टक्के गेले आणि अंधेरी ते चर्चगेट एका फेरीत तेवढेच गेले.

लोकलचा डबा हा या बाबतीत अगदी नेमका वाईट. पत्र्याची पेटी, तिच्यात खच्चून भरलेली माणसं, आणि माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश पाणी, ते लहरी शोषतं. फास्ट गाडी एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरते, फोन जुन्याला सोडून नव्याला धरतो, तेवढ्यात तिसरा येतो. डब्यातल्या प्रत्येक बाईचा फोन त्याच वेळी तेच करत असतो, आणि निम्म्याजणी व्हिडिओ बघत असतात. वर फाइव्हजी. भारतात ती १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. काही कंपन्यांनी ती जुन्या फोरजीच्या आधाराने उभी केली, त्यामुळे तिथे फोनला दोन्हीशी संबंध ठेवावा लागतो. ज्या भागात फाइव्हजी धड येत नाही आणि धड जातही नाही, तिथे फोन नुसता वर-खाली करत राहतो. माझा घरचा भाग तसाच आहे. मी सेटिंगमध्ये फोरजी करून टाकलं. संदेश, नकाशा, पैसे, यांतलं काहीही हळू झालेलं मला जाणवलं नाही. बॅटरी जास्त टिकते ते मात्र जाणवलं.

भुयारी मेट्रो आली आणि हे प्रकरण आणखी रंगलं. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, जवळजवळ सगळी जमिनीखाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग चालू झाला तेव्हापासून मी मरोळ नाक्याला उतरते ती थेट हुतात्मा चौकात वर येते. गार डबा, बसायला जागा, आणि सुरुवातीला खाली रेंजच नव्हती. लोकांनी बरीच ओरड केली. मला वैयक्तिक दुःख झालं नाही, पुस्तक वाचून होत होतं. पण फोनला ही शांतता कळत नाही. रेंज नाही म्हटल्यावर तो जोराने शोधायला लागतो, पुन्हा शोधतो, पुन्हा शोधतो. अशा वेळी फाटकातून आत शिरल्यावर विमानाचं चिन्ह दाबायचं आणि वर आल्यावर काढायचं. तिकिटाचा क्यूआर आधीच उघडून त्याचा फोटो ठेवला की काम झालं. सगळ्या टिपांमध्ये जर मला एकच ठेवायची असेल तर मी हीच ठेवीन: जिथे रेंज येणारच नाही तिथे फोनला शोधायला लावू नका.

हे लिहिताना २६ जुलै २००५ आठवते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता तो दिवस. मी तेव्हा नोकरीला नवी होते आणि रात्रभर अनोळखी माणसांबरोबर रस्त्याने, कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते. फोन चालू होते, पण नेटवर्क कोलमडलेलं, घरी कळवता येत नव्हतं. आमच्यातल्या एका गृहस्थांकडे नोकिया ११०० होता, २००३ साली आलेला, डोक्यावर टॉर्च असलेला. त्यांनी तो उंच धरला आणि आम्ही वीसेक जण त्या उजेडामागे मॅनहोलच्या धाकाने सावकाश चाललो. त्या फोनची बॅटरी ८५० मिलीअँपिअर-अवरची. तीन-चार दिवस आरामात चालायची, कारण त्याला करायला काही नव्हतं: इवलीशी काळी-हिरवट स्क्रीन, फोन, मेसेज आणि सापाचा खेळ. आज बॅटरी त्याच्या सहापट आहे आणि संध्याकाळी आपण भिंतीतलं प्लग शोधतो. बॅटऱ्या बनवणाऱ्यांनी काम चोख केलं. त्यांनी वाढवलेलं सगळं आपण स्क्रीनला आणि रेंजला वाटून टाकलं.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचीच वीज गेली, तेव्हा याचं दुसरं टोक दिसलं. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनामुळे बरेच जण घरूनच काम करत होते. वीज गेल्याबरोबर घराघरातले वायफाय गेले आणि सगळं शहर एकदम मोबाइल डेटावर आलं. वायफायपेक्षा मोबाइल डेटाला फोन मुळातच जास्त दमतो, त्यात टॉवरवर गर्दी. दुपारपर्यंत आमच्या सोसायटीत पॉवर बँकवाल्यांना भाव आला होता.

उघडी अ‍ॅप मारण्याबद्दल थोडक्यात. करू नका. अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनी २०१६ मध्येच सांगितलं होतं की त्याने बॅटरी वाचत नाही, झालं तर उलटंच होतं. पडद्याआड गेलेलं अ‍ॅप बहुधा झोपलेलं असतं. त्याला मारून पुन्हा उघडलं की सगळं सामान पहिल्यापासून मांडावं लागतं, आणि ते कष्ट झोपलेल्याला उठवण्यापेक्षा जास्त. २०१५ पासून अँड्रॉइड स्वतःच, फोन पडून असेल तर अ‍ॅपना रांगेत बसवून अधूनमधून एकदम काम करू देतं. तरीही माणसं लोकलमध्ये फोन काढून पत्ते पिसल्यासारखी अ‍ॅप वर उडवत असतात. मला वाटतं त्यातून केर काढल्याचं समाधान मिळतं.

अ‍ॅपला झोपवण्याची हौस फोन बनवणाऱ्यांनाही असते, आणि ती कधी अंगाशी येते. सासूबाईंच्या फोनवर औषधाची आठवण करून देणारं अ‍ॅप होतं. बॅटरी वाचवण्याच्या उत्साहात फोनने त्यालाही गाढ झोपवलं आणि रक्तदाबाची संध्याकाळची गोळी राहायला लागली. शेवटी त्या अ‍ॅपला बॅटरीच्या पानावर 'निर्बंध नको' अशी सूट द्यावी लागली. म्हणून सरसकट सगळ्यांवर बंधन घालू नये. जे अ‍ॅप महिन्यातून एकदा उघडतो, सेल लागला की दिवसभर टणटण करतं, आणि लोकेशन 'कायम' मागतं, त्याला आवळा. नकाशाला आणि टॅक्सीच्या अ‍ॅपला 'वापरत असतानाच' लोकेशन द्या. ब्लूटूथचं मनावर घेऊ नका, ते नुसतं चालू असण्याने फारसं खात नाही.

आता आयुष्याचं. तिथे सगळ्यात मोठा शत्रू उष्णता, आणि ती आपल्याकडे बारा महिने घरपोच.

लिथियम-आयन बॅटरीबद्दलचा एक तक्ता जगभर दिला जातो. वर्षभर नुसती ठेवलेली बॅटरी, २५ अंशांना आणि ४० टक्के भरलेली, वर्षाअखेर ९६ टक्के क्षमता राखते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश असेल तर अर्धवट भरलेली ८५ वर येते आणि पूर्ण भरलेली ६५ वर. आजच्या बॅटऱ्या थोड्या सुधारल्या असतील, पण दिशा तीच. गरम आणि भरलेली, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बिघडतं. आणि मुंबईत त्या कुठे एकत्र येतात? रात्री उशाखाली, चार्जिंगला लावून. उशी, चादर, वर जाड कव्हर, मे महिन्याची रात्र. सासूबाई ज्या काळजीने चार्जरचं बटण बंद करतात, तिच्या पाव हिश्शाने जरी फोन उशाखालून काढून टेबलावर ठेवतील तरी बॅटरी जास्त जगेल.

आमच्या नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला मी विचारलं, फुगलेल्या बॅटऱ्या कोणाच्या जास्त येतात? तो मान वर न करता म्हणाला, "डिलिव्हरीवाले आणि रिक्षावाले, ताई. उन्हाळ्यात तर रोजचंच." विचार केला तर बरोबर आहे. हँडलवर स्टँडमध्ये फोन, थेट ऊन, स्क्रीनचा प्रकाश पूर्ण, नकाशा चालू, डेटा चालू, आणि खालून पॉवर बँक लावलेली. बॅटरीचं वाईट करणारी प्रत्येक गोष्ट एकाच वेळी, दिवसाचे दहा-बारा तास. त्या पोरांना 'ऐंशीच्या वर चढू देऊ नका' कोण सांगणार? जिथे पोट फोनवर आहे तिथे बॅटरी हा चाकाच्या टायरसारखा झिजणारा भाग आहे, झिजला की बदलायचा. फुगलेली मात्र लगेच बदलावी. आत वायू जमलेला असतो, ती दाबायची, टोचायची नसते.

कव्हरखाली आपण जे ठेवतो त्याचंही एकदा बघा. पारदर्शक कव्हरच्या आत पन्नासची नोट, सिद्धिविनायकाचा फोटो, लोकलचा पास, आणि कोणाकोणाचं व्हिजिटिंग कार्ड. फोन आपली उष्णता पाठीतूनच टाकतो, आणि आपण नेमकी तिथे रजई घातलेली. देवाचा फोटो पाकिटात ठेवला तरी तो पावतो. फास्ट चार्जिंगच्या वेळी तर कव्हर काढलेलंच बरं.

राहिला भाच्याचा वीस-ऐंशीचा नियम. त्यात तथ्य आहे. बॅटरी भरताना लिथियमचे आयन एका बाजूच्या थरांतून निघून दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज चढतं आणि आतल्या रसायनांवर ताण येतो. ज्या कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांवर हे सगळं उभं राहिलं, ते जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला शोधलं. त्याबद्दल त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळालेल्यांत सगळ्यात वयस्कर. बॅटरी वर्ष-दोन वर्षांत थकते म्हणून कुरकुरताना मला त्यांचं वय हटकून आठवतं.

पण नियम पाळताना लोक फोनची चाकरी करायला लागतात. भाचा जेवता जेवता उठतो, कारण ७९ झाले. हे काम फोनला सांगता येतं. बऱ्याच नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते, किंवा फोन तुमच्या उठण्याची वेळ ओळखून रात्री ८० वर थांबतो आणि पहाटे उरलेलं भरतो. ते एकदा चालू करावं आणि विसरून जावं. दिवसभर बाहेर फिरायचं असेल त्या दिवशी सरळ शंभर करून निघावं. शंभरवर जाऊन लगेच वापरात आलेल्या बॅटरीचं फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते तिथेच रात्रभर गरम पडून राहण्याने. आणि 'सारखं सारखं लावू नकोस, सायकल वाया जाते' हाही गैरसमज आहे. दोनदा पन्नास-पन्नास टक्के भरलं की एक सायकल होते, प्लग किती वेळा खुपसला याच्याशी संबंध नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनना अट घातली की ८०० सायकलींनंतरही बॅटरीने ८० टक्के क्षमता धरली पाहिजे. रोज एक सायकल धरली तरी दोन वर्षांच्या पुढे जातं. त्यानंतर नवी बॅटरी घालून तोच फोन वापरावा, असं माझं मत. आमच्या घरात हे मत अल्पमतात आहे.

माझ्या फोनवर मी शेवटी फार थोडं केलं. फोरजी, साठवर आणलेली स्क्रीन, रात्रीची मर्यादा, भुयारात विमान, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद. या शेवटच्याने जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशाने पडला नसेल, कारण आमच्या माहेरच्या ग्रुपवर सकाळी सहापासून सूर्योदय, सुविचार आणि कोकणातल्या धबधब्यांचे व्हिडिओ सुरू होतात.

त्याचा परिणाम असा झाला की डोंबिवलीच्या काकांचा फोन आला.

"अगं, सत्यनारायणाचा व्हिडिओ टाकलाय, बघितलास का? तुझ्या निळ्या टिका दिसतात, पण तू काही बोलली नाहीस."

"काका, अजून उतरवला नाही. आपोआप येणं मी बंद केलंय. बॅटरी वाचते."

"असं बंद करता येतं?"

"येतं."

"मग रविवारी येशील तेव्हा माझ्याही फोनमध्ये तेवढं करून दे. दुपारी तीनलाच माझा फोन मान टाकतो." एवढं बोलून ते थांबले. "आणि येताना तो व्हिडिओ बघून ये. सोळा मिनिटांचा आहे, आरती शेवटी आहे."